व्हीओआरची सुई कधी खरी मानायची: शिकाऊ वैमानिकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

व्हीओआर म्हणजे जमिनीवरचं रेडिओ स्टेशन; आपण त्याच्या कुठल्या दिशेला आहोत ते विमानातल्या डायलवरून कळतं. डायलमधली सुई मधोमध उभी आहे, म्हणजे आपण वाटेवर आहोत, असं नवशिक्या धरून चालतो. पण सुई मधोमध उभी राहायला कारणं अनेक असतात. आपण खरंच वाटेवर असू. किंवा स्टेशन बंद असेल आणि कोपऱ्यातला लाल फ्लॅग (सिग्नल भरवशाचा नसल्याची खूण) आपल्या नजरेतून सुटला असेल. फ्रिक्वेन्सी भलत्याच स्टेशनची लागली असेल. किंवा सुई जीपीएसचं ऐकत असेल आणि आपल्याला वाटत असेल की ती व्हीओआरचं ऐकतेय.

हे सगळं पुस्तकांत असतं, पण वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेलं. इथे ते उड्डाणाच्या क्रमाने घेतलं आहे: आधी कागद, मग उपकरणं, मग रेडिओ आणि सगळ्यात शेवटी सुई. उदाहरणं सेसना १७२ सारख्या प्रशिक्षण विमानाची आणि भारतातल्या क्रॉस-कंट्रीची आहेत. जीपीएस असताना हे जुनं कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एवढंच: उपग्रहांच्या सिग्नलमध्ये होणाऱ्या हस्तक्षेपाबद्दल डीजीसीएला (नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाला) नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र परिपत्रक काढावं लागलं.

आधी हे हाताशी ठेवा

• एआयपी इंडियाची, म्हणजे देशाच्या अधिकृत हवाई माहिती-पुस्तकाची, चालू आवृत्ती. एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या एआयएम (हवाई माहिती) विभागाच्या संकेतस्थळावर ती मिळते.
• लागू असलेली एआयपी सप्लिमेंट्स.
• निघण्याच्या दिवशीचे नोटॅम (वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचना): निघण्याच्या तळाचे, उतरण्याच्या तळाचे, पर्यायी तळाचे आणि वाटेतल्या एफआयआरचे (हवाई माहिती क्षेत्राचे).
• मार्गाचा चार्ट, प्लॉटर, फ्लाइट कॉम्प्युटर, पेन्सिल. पेन नको, कारण नॅव्हलॉग (मार्गाचा आखणी-तक्ता) खोडावा लागतोच.
• विमानाचं फ्लाइट मॅन्युअल आणि त्यातली एव्हिऑनिक्सची पुरवणी. एकाच क्लबच्या दोन सेसनांमध्ये वेगवेगळे रेडिओ असतात.
• फ्लाइट प्लॅन, आणि क्रॉस-कंट्रीसाठी एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) व एडीसी (हवाई संरक्षण परवानगी) क्रमांक.

१. कागद वाचा, पण योग्य पानावर

एआयपीचे तीन भाग: जेन म्हणजे सर्वसाधारण, ईएनआर म्हणजे मार्गावरचं आणि एडी म्हणजे तळांचं. नवशिक्या थेट एडी उघडतो, त्यातला नकाशा बघतो आणि बंद करतो. तुम्हाला हवी असलेली पानं ही:

ईएनआर ४.१ मध्ये मार्गावरच्या रेडिओ साधनांची यादी आहे: नाव, ओळख-अक्षरं, फ्रिक्वेन्सी, कामाच्या वेळा, अक्षांश-रेखांश, डीएमईच्या (अंतर दाखवणाऱ्या साधनाच्या) अँटेनाची उंची आणि शेरा. एडी २.१९ मध्ये त्या त्या तळावरची साधनं आहेत, आयएलएससकट (धावपट्टीवर उतरताना वाट दाखवणारी यंत्रणा). एडी २.३ मध्ये तळाच्या वेळा, तर २.२० आणि २.२२ मध्ये स्थानिक नियम आणि कार्यपद्धती. पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, गोव्याचा दाबोळी नौदलाचा. अशा ठिकाणी ही तीन पानं वाचल्याशिवाय फ्लाइट प्लॅन भरूच नका. निषिद्ध, प्रतिबंधित आणि धोक्याची क्षेत्रं ईएनआर ५.१ मध्ये आहेत.

या सगळ्यात सगळ्यात दुर्लक्षित रकाना शेऱ्याचा. अमुक रेडियलपासून (रेडियल म्हणजे स्टेशनपासून बाहेर जाणारी दिशारेषा) तमुक रेडियलपर्यंत, इतक्या मैलांपलीकडे, इतक्या फुटांखाली हे साधन वापरता येत नाही, अशी मर्यादा असलीच तर ती तिथेच सापडते.

दुसरा सापळा तारखेचा. एआयपीतले महत्त्वाचे बदल एआयरॅक चक्राने, दर २८ दिवसांनी लागू होतात. त्यांची माहिती वापरणाऱ्याच्या हाती लागू होण्याच्या निदान २८ दिवस आधी पोचावी, असा नियम आहे. म्हणून पुढच्या आवृत्तीचं पान आजच हाती पडू शकतं आणि शोधयंत्रातून आलेलं पान तीन वर्षांपूर्वीचंही असू शकतं. पानावरची तारीख बघितल्याशिवाय फ्रिक्वेन्सी उतरवून घेऊ नका. कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफवर तर मुळीच विसंबू नका.

२. नोटॅममध्ये नेमकं काय शोधायचं

नोटॅमच्या ढिगात आपल्या कामाचे दोन-तीनच असतात. ते लवकर सापडावेत म्हणून क्यू ओळीतला पाच अक्षरी संकेत ओळखायला शिका. पहिलं अक्षर नेहमी क्यू, पुढची दोन विषयाची, शेवटची दोन स्थितीची. एनव्ही म्हणजे व्हीओआर, एनडी म्हणजे डीएमई, एनएम म्हणजे दोन्ही एकत्र, एनबी म्हणजे एनडीबी (सगळ्या दिशांना सारखाच सिग्नल पाठवणारं साधं स्टेशन), आयसी म्हणजे आयएलएस, आयजी म्हणजे ग्लाइड पाथ (आयएलएसची उतरणीची वाट). स्थितीत एएस म्हणजे बंद, सीटी म्हणजे चाचणी चालू, वापरू नका. क्यूएनव्हीएएस दिसलं की व्हीओआर बंद.

बी आणि सी ओळींत सुरुवात आणि शेवट दहा आकड्यांत लिहिलेले असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं. २६०७१२०२३० म्हणजे १२ जुलै २०२६, ०२३० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजेच आपल्याकडे सकाळचे ८. साडेपाच तास मिळवायला कुणी विसरत नाही. चूक होते तारखेत. सोमवारी २१३० यूटीसीला सुरू होणारं काम आपल्याकडे मंगळवारी पहाटे ३ ला सुरू होतं. शेवटच्या वेळेपुढे ईएसटी लिहिलं असेल तर ती अंदाजे वेळ आहे. ती उलटून गेली तरी रद्द करणारा किंवा जागा घेणारा नवा नोटॅम येईपर्यंत जुना लागूच असतो. पर्म लिहिलं असेल तर बदल कायमचा.

नोटॅम आदल्या रात्री वाचून झोपा, पण निघण्याआधी पुन्हा काढा.

३. नॅव्हलॉग आणि पल्ल्याचं गणित

प्रत्येक स्टेशनपुढे चार गोष्टी लिहा: फ्रिक्वेन्सी, ओळख-अक्षरं, त्यांचा मोर्स आणि तुम्हाला हवी असलेली रेडियल. मोर्स पाठ असला तरी टिंब-रेघा काढून ठेवा. मुंबईची ओळख बीबीबी. बी म्हणजे एक रेघ, तीन टिंबं. हेच तीनदा ऐकू यायला हवं.

व्हीओआर १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झमध्ये चालतो आणि त्याचा सिग्नल सरळ रेषेत जातो. म्हणून पल्ला उंचीवर ठरतो. ढोबळ सूत्र: स्टेशनपासूनच्या उंचीचं फुटांतलं वर्गमूळ गुणिले १.२३, म्हणजे नॉटिकल मैल. २,००० फुटांवर सुमारे ५५ मैल, ५,००० फुटांवर सुमारे ८७. हा पल्ला सपाट जमिनीवरचा. मध्ये सह्याद्री असेल तर गणित बाजूला ठेवा. कळसूबाईच १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट आहे. घाटाच्या पूर्वेला खालून उडताना किनाऱ्यावरच्या स्टेशनचा सिग्नल अडखळू लागला, तर रेडिओला दोष देण्याआधी खिडकीतून पश्चिमेकडे बघा.

आता चुंबकीय उत्तरेचा मुद्दा. रेडियल चुंबकीय उत्तरेपासून मोजल्या जातात, तर प्लॉटरने नकाशावर मोजलेला ट्रॅक खऱ्या उत्तरेपासून असतो. महाराष्ट्रात दोन उत्तरांमधला फरक एका अंशाच्याही आत असल्याने इथे शिकलेल्याला तो मिळवण्या-वजा करण्याची सवयच लागत नाही. मग हाच विद्यार्थी तास भरायला न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेला जातो, जिथे हा फरक २० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, आणि तोही एका देशात पूर्वेकडे, दुसऱ्यात पश्चिमेकडे. पहिल्याच क्रॉस-कंट्रीत भलत्या खोऱ्यात शिरायला तेवढं पुरतं. फरक शून्य असला तरी नॅव्हलॉगमधला तो रकाना भरा.

४. टॅक्सीआधी: दिशा आणि उंची

सुईचा खेळ हेडिंगवर (विमानाचं नाक ज्या दिशेला आहे त्यावर) चालतो आणि हेडिंग दाखवणारं जायरोचं (वेगाने फिरणाऱ्या चाकाचं) उपकरण हळूहळू सरकत असतं. ते कंपासशी जुळवा, आणि हवेत दर १०-१५ मिनिटांनी पुन्हा जुळवा. जुळवताना विमान सपाट, सरळ आणि एकसारख्या वेगात हवं. वळणात किंवा वेग वाढवताना कंपास स्वतःच चुकीचं दाखवतो. त्याखालच्या कार्डावरचा विचलनाचा आकडाही धरा. सक्शन गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते इंजिन चालू झाल्यावर बघा. तो नसेल तर जायरो फिरतोय, पण पुरेसा नाही.

अल्टिमीटरमध्ये क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) लावला की तळाची उंची दिसायला हवी. अमेरिकेत शिकून आलेल्यांना एक इशारा. आपल्याकडे दाब हेक्टोपास्कलमध्ये देतात, तिकडे पाऱ्याच्या इंचांत. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात विदर्भात ९९८ सारखा क्यूएनएच ऐकू येतो. सवयीने कुणी २९.९८ इंच लावलं, तर ते १,०१५ हेक्टोपास्कल होतं. फरक १७ चा, आणि एका हेक्टोपास्कलला २७ ते ३० फूट. अल्टिमीटर जे दाखवेल त्याहून तुम्ही सुमारे ५०० फूट खाली असाल.

५. लावा, ऐका, मगच वापरा

फ्रिक्वेन्सी स्टँडबायमध्ये भरा, बदलून ॲक्टिव्ह करा. मग नॅव्ह रेडिओचा आवाज वाढवून ओळख ऐका. ओळख ऐकू येत नसेल तर स्टेशन वापरायचं नाही, मग सुई कितीही ठाम उभी असो. दुरुस्ती चालू असताना ओळख काढून टाकतात किंवा तिच्याजागी टीएसटी पाठवतात: रेघ, तीन टिंबं, रेघ. काही ग्लास कॉकपिट मोर्स वाचून अक्षरं पडद्यावर दाखवतात. ती तुमच्या नॅव्हलॉगमधल्या अक्षरांशी ताडून बघणं मात्र तुमचंच काम.

इथे तीन सापळे आहेत, तिन्ही रोजचे.

पहिला, सुईचा मालक कोण. गार्मिनच्या संचांत सुई कुणाचं ऐकेल ते ठरवणारं सीडीआय नावाचं बटण असतं. ते जीपीएसवर असेल तर तुम्ही लावलेल्या व्हीओआरशी सुईचा काही संबंध नाही. जी १००० मध्ये किरमिजी सुई जीपीएसची, हिरवी व्हीओआर किंवा लोकलायझरची (आयएलएसमधल्या, धावपट्टीची दिशा दाखवणाऱ्या सिग्नलची). जीपीएसची सुई अंशांत नव्हे, मैलांत बोलते, हेही विसरू नका.

दुसरा, १०८ ते ११२ मेगाहर्ट्झचा सामायिक पट्टा. त्यात दशांश चिन्हानंतरचा पहिला आकडा विषम असेल तर तो लोकलायझर, सम असेल तर व्हीओआर. चुकून लोकलायझर लागला की ओबीएस (कोर्स निवडण्याची खुंटी) कितीही फिरवा, सुई हलत नाही.

तिसरा, डीएमईचं होल्ड बटण. मागच्या स्टेशनवर ते दाबलेलं राहिलं तर सुई नव्या स्टेशनची आणि अंतर जुन्याचं, अशी खिचडी होते.

दोन व्हीओआर रिसीव्हर असतील तर दोन्ही एकाच स्टेशनवर लावून ताडून बघा. अमेरिकी नियमांत आयएफआरसाठी (उपकरणांवरच्या उड्डाणासाठी) ही तपासणी दर ३० दिवसांनी लागते आणि दोन रिसीव्हरमध्ये ४ अंशांपर्यंतचा फरक चालतो. व्हीएफआर (बाहेर बघून) उडतानाही हा मापदंड चांगला आहे.

६. सुई काय सांगते, काय सांगत नाही

रेडियल नेहमी स्टेशनपासून बाहेर मोजतात. तुम्ही १२० रेडियलवर आहात म्हणजे स्टेशनच्या आग्नेयेला आहात. विमानाचं नाक कुठेही असो. जागच्या जागी पूर्ण गोल वळण घ्या, सुई जवळपास हलणार नाही. व्हीओआरला तुमचं हेडिंग माहीतच नसतं. हे एक वाक्य डोक्यात बसलं की अर्धी परीक्षा सुटते.

आपण कुठे आहोत ते काढायचं असेल तर ओबीएस फिरवून फ्रॉमसह (डायलवरच्या ‘स्टेशनपासून’ या खुणेसह) सुई मधोमध आणा. वर दिसणारा आकडा तुमची रेडियल. स्टेशनकडे जायचं असेल तर टूसह (‘स्टेशनकडे’ या खुणेसह) मधोमध आणा. वरचा आकडा तिकडे नेणारा कोर्स.

पाच ठिपक्यांच्या डायलवर एक ठिपका २ अंश, टोकापर्यंत १० अंश. ६० मैलांवर एक अंश म्हणजे एक मैल. म्हणून ६० मैलांवर एक ठिपका चुकलात तर २ मैल बाजूला आहात, ३० मैलांवर एक मैल, आणि ६ मैलांवर जेमतेम ४०० मीटर. तीच सुई, तोच ठिपका. जवळ आल्यावर सुई चपळ का होते, याचं उत्तर इथेच आहे.

आणि सगळ्यात महागडी चूक: स्टेशनकडे जाताना ओबीएसवर उलटा आकडा ठेवून फ्रॉमसह उडणं. तेव्हा सुई डावीकडे गेली की वाट उजवीकडे असते. तुम्ही सुईकडे वळता आणि प्रत्येक दुरुस्तीसरशी वाटेपासून लांब जाता. नियम सोपा: ओबीएसचा आकडा आणि तुमचं हेडिंग साधारण सारखे हवेत. एचएसआय (सुई आणि हेडिंग एकत्र दाखवणारं उपकरण) असलेल्या विमानात व्हीओआरपुरता हा घोळ होत नाही, कारण त्याची तबकडी हेडिंगबरोबर फिरते.

७. वाट पकडणं आणि धरून ठेवणं

समजा १२० रेडियलवरून स्टेशनकडे जायचं आहे. कोर्स ३००.

अ) ओबीएसवर ३०० लावा. टू दिसायला हवं. सुई डावीकडे टोकाला आहे, म्हणजे वाट तुमच्या डावीकडे.

आ) ३०० मधून ३० वजा करा. २७० हेडिंग घ्या आणि थांबा. सुई टोकाला असताना ३० ऐवजी ४५ घेतलं तरी चालतं. स्टेशन जवळ असेल तर कमीच घ्या.

इ) सुई टोकापासून सुटली की ती किती वेगाने येते ते बघा. वेगात येत असेल तर लवकर, रेंगाळत असेल तर उशिरा ३०० कडे वळा.

ई) ३०० हेडिंगवर स्थिर राहा. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा तुम्हाला उजवीकडे ढकलेल आणि सुई डावीकडे सरकेल.

उ) २० अंश डावीकडे वळा, २८० धरा. सुई मधोमध आली की त्यातली अर्धी दुरुस्ती काढून २९० वर या. आता सुई सावकाश उजवीकडे जाऊ लागली, तर दुरुस्ती जास्त झाली. २९५ करून बघा.

नवशिक्याची खोड अशी की तो सुईच्या मागे धावतो. सुईकडे बघून हेडिंग ठरवा, पण उडवा हेडिंग. नजर जायरोवर, मधून मधून सुईवर.

स्टेशनच्या माथ्यावर सुई भिरभिरते, फ्लॅग डोकावतो, टूचं फ्रॉम होतं. हा संभ्रमाचा शंकू. उंचीवर तो रुंद असतो. ६,००० फुटांवरून जाताना तो ओलांडायला सेसनाला मिनिटभराहून जास्त लागू शकतं. तेवढा वेळ हेडिंग सोडू नका. फ्रॉम नीट बसलं की घड्याळ सुरू करा, पुढचा कोर्स लावा, मग वळा.

डीएमई नसेल आणि स्टेशन किती दूर ते हवं असेल, तर स्टेशन पंखाच्या टोकाशी येईल असं वळा आणि १० अंश बदलायला किती सेकंद लागतात ते मोजा. सेकंद भागिले अंश म्हणजे स्टेशनपर्यंतची मिनिटं. १२० सेकंद लागले तर १२ मिनिटं. १०० नॉटच्या वेगाने ते २० मैल झाले. वारा यात धरलेला नाही.

८. डीएमई, एनडीबी, आयएलएस: थोडक्यात

डीएमई तिरपं अंतर दाखवतो. स्टेशनच्या बरोबर वर ६,००० फुटांवर असाल तर तो १ दाखवेल, शून्य नाही. त्यावरचा जमिनीवेग तुम्ही थेट स्टेशनकडे किंवा स्टेशनपासून जात असाल तरच खरा.

एनडीबीवर एडीएफची (एनडीबीचा सिग्नल घेणाऱ्या उपकरणाची) सुई स्टेशनकडे बोट दाखवते. हेडिंगमध्ये सुईचा कोन मिळवला की स्टेशनची चुंबकीय दिशा मिळते. ३६० च्या वर गेलं तर ३६० वजा करा. रात्री, किनाऱ्याजवळ आणि गडगडाटी ढगांच्या शेजारी ती भरकटते. बहुतेक एडीएफमध्ये फ्लॅग नसतो. स्टेशन बंद पडलं तर सुई आहे तिथेच गोठून राहू शकते. म्हणून ओळख सतत मंद आवाजात चालू ठेवायची.

आयएलएसवर ओबीएसचा परिणाम नाही, तरी अंतिम कोर्स लावून ठेवा, आठवण राहते. इथे सुई टोकापर्यंत फक्त २.५ अंशांची, ग्लाइडची ०.७ अंशांची. ग्लाइड नेहमी खालून पकडा, कारण खऱ्या पाथच्या वर खोटे पाथही असतात आणि ते जास्त तिरपे असतात. उंची आणि अंतराचा मेळ घाला: ३ अंशांच्या पाथवर धावपट्टीपासून ४ मैलांवर तुम्ही तिच्या सुमारे १,३०० फूट वर असायला हवं.

९. फ्लॅग पडला तर

क्रम असा: हेडिंग धरा. ॲक्टिव्ह फ्रिक्वेन्सी बघा. सीडीआयचा स्रोत बघा. ओळख ऐका. दुसरा रिसीव्हर त्याच स्टेशनवर लावा. उंची आणि मधला डोंगर आठवा. एवढ्यात उलगडलं नाही तर एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) स्टेशनबद्दल विचारा. त्या स्टेशनचं काम त्याच क्षणी थांबलं असेल, तर नोटॅम निघायला वेळ लागतो.

दोष विमानातच आहे असं दिसलं तर उतरल्यावर टेक लॉगमध्ये (विमानाच्या दोषांच्या नोंदवहीत) नुसतं ‘व्हीओआर खराब’ लिहू नका. त्यावरून इंजिनिअर जमिनीवर संच चालू करून बघतो, तो नीट चालतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच विमान तोच दोष घेऊन पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती येतं. स्टेशन, फ्रिक्वेन्सी, रेडियल, अंतर, उंची, हेडिंग, ओळख ऐकू येत होती की नाही, आणि दुसऱ्या रिसीव्हरवर काय दिसलं, हे सगळं लिहा. विशिष्ट हेडिंगलाच सुई पडत असेल तर ते आवर्जून नोंदवा. मग शोध संचापासून नव्हे, शेपटीवरच्या अँटेनापासून सुरू होतो.